भाग ४७ : समुद्राखालच्या सळईचं काय होतं?

ज्यांना पाऊण तास कानात इअरफोन घालून बसणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि शेजारच्यांचा मिक्सर तेवढा काढून टाकलाय.

या भागाचं निमित्त एका श्रोत्याचा प्रश्न. मुंबईच्या कोस्टल रोडचा बोगदा २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झाला आणि मे महिन्यात त्याच्या भिंतींच्या सांध्यांतून पाणी पाझरताना दिसलं. व्हिडिओ सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरले. श्रोत्याने विचारलं होतं, "समुद्राचं पाणी आत यायला लागलं तर आतल्या सळ्या गंजणारच ना? मग जगभर हे समुद्राखालचे बोगदे टिकतात कसे?"

हा विशिष्ट बोगदा बराचसा मलबार हिलच्या पोटातून जातो, ते बाजूला ठेवू. प्रश्न मात्र पक्का आहे. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. बीटेकच्या पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्स पास करण्यापुरताच माझा सिव्हिलशी संबंध. पण वाचत गेलो तेव्हा कळलं, की या प्रश्नाला चांगला दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला सगळ्यात रंगतदार अंक घडला डेन्मार्कमध्ये.

आधी एक गाठ सोडवून घेऊ. गळती आणि गंज या दोन वेगळ्या भानगडी आहेत. जपानचा सेइकान बोगदा १९८८ साली सुरू झाला. त्याचे तेवीस-एक किलोमीटर समुद्राच्या तळाखालून जातात. त्यात पाणी पहिल्या दिवसापासून येतंय आणि पंप ते अखंड उपसतायत. तिथे ते गृहीतच धरलेलं आहे. बोगद्यात दिसणारं पाणी हाताळता येतं : सांध्यात ग्राउट भरा, नाली काढा, पंप लावा. काळजी करायची ती न दिसणाऱ्या मिठाची.

आता थोडं रसायनशास्त्र. थोडंच, घाबरू नका.

काँक्रीटमध्ये लोखंड घालायची कल्पना पॅरिसजवळच्या जोसेफ मोनिए नावाच्या माळ्याने १८६७ मध्ये पेटंट करून घेतली. त्याला झाडांच्या कुंड्या फुटायला नको होत्या. काँक्रीट दाब छान सोसतं, ताण आला की तडकतं. लोखंड ताण सोसतं. जोडी जमली. पण या जोडीत दुसराही एक योग जुळून आला होता. सिमेंटमुळे काँक्रीटच्या बारीक छिद्रांतलं पाणी अतिशय अल्कधर्मी असतं, पीएच साडेबारा-तेराच्या घरात. अशा पाण्यात लोखंडाच्या अंगावर ऑक्साइडचा इतका पातळ थर तयार होतो की तो नॅनोमीटरमध्ये मोजावा लागतो. हा थर शाबूत आहे तोवर सळई गंजत नाही. वेगळा रंग नको, तेल नको. काँक्रीट हेच तिचं औषध.

मिठातलं क्लोराइड नेमका हाच थर फोडतं. सगळीकडे सारखा नाही, जागोजागी टाचणीने टोचल्यासारखा. गंज धरला की त्याचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून पाच-सहापटीपर्यंत जातं. तेवढी जागा आत नसते, म्हणून तो काँक्रीटच बाहेर ढकलतो. मुंबई-ठाण्यातल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. छताला फुगवटा, मग पोपडे, मग एक दिवस गॅलरीचा तुकडा खाली आणि आत तपकिरी सळ्यांची फासळी उघडी.

हे क्लोराइड आत शिरतं कसं? चहात सोडलेला खडीसाखरेचा खडा जसा न ढवळता हळूहळू पसरतो, तसं. आडोल्फ फिक नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये या पसरण्याचे नियम मांडले. काँक्रीटमधल्या क्लोराइडला ते लावून पाहण्याचं काम १९७० च्या सुमाराला इटलीत मारिओ कोलेपार्दी यांनी केलं. त्यातून निघालेली एक गोष्ट प्रत्येक साइटवर पाटी करून लावावी अशी आहे : सळईवरचं काँक्रीटचं कव्हर दुप्पट केलं, तर मीठ पोचायला लागणारा वेळ साधारण चौपट होतो. आणि हे उलटही चालतं. नकाशात पाच सेंटीमीटर कव्हर दाखवलंय आणि सेंट्रिंगमध्ये कव्हर ब्लॉक घसरल्यामुळे ते चार झालं, तर एक सेंटीमीटर नाही गेलं, आयुष्याचा एकतृतीयांशाहून जास्त भाग गेला.

हे झालं कुठल्याही काँक्रीटचं. बोगद्याची अडचण त्याच्या आकारात आहे.

घराच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी हवा लागते. समुद्राखालच्या बोगद्याची बाहेरची बाजू कायम खाऱ्या पाण्यात, तीही प्रचंड दाबाखाली, आणि आतली बाजू कोरडी. गाड्या धावतात, वारा खेळतो, पाणी उडून जातं. म्हणजे काँक्रीट एखाद्या वातीसारखं वागू शकतं. बाहेरून खारं पाणी शोषायचं, आतल्या बाजूला पाण्याची वाफ व्हायची आणि मीठ तिथेच साठत जायचं. समुद्रातल्या तेल-फलाटांच्या पोकळ पायांवरून इंजिनिअर लोकांनी याला 'पोकळ पाय' असंच नाव दिलंय.

याहून वाईट शक्यता दुसरी आहे. गंजायला ऑक्सिजन लागतो, आणि तो बाहेरच्या बाजूला फारसा नसतोच. मग बाहेरची सळई सुरक्षित? तसं वाटतं खरं. पण आतली आणि बाहेरची सळई एकाच पिंजऱ्यात जोडलेली असते आणि ओलं काँक्रीट वीज वाहून नेतं. म्हणजे ही चक्क एक बॅटरी झाली. ऑक्सिजनचं काम आतल्या सळईवर चालतं आणि झीज होते बाहेरच्या सळईची. शिवाय ऑक्सिजन कमी असताना होणारा गंज काळा-हिरवट, पाण्यात विरघळणारा असतो. तो फुगत नाही. पोपडे नाहीत, तडा नाही, कसली खूण नाही. आणि ती बाहेरची बाजू बोगदा बांधून झाल्यावर कुणालाच पुन्हा दिसणार नसते. पुलाखाली होडी नेता येते, इमारतीला परांची बांधता येते. बोगद्याच्या पाठीमागे समुद्राचा तळ असतो.

मला या विषयात ओढलं ते याच गोष्टीने. दुरुस्तीला जाताच येणार नाही अशी वस्तू बांधायची आणि ती शंभर वर्षं टिकेल असं लिहून द्यायचं. आमच्याकडे रात्री दोनला सर्व्हर पडला तर निदान लॉग तरी बघता येतो.

तर इतिहास. १९७३ हे साल लक्षात ठेवा.

अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ते बेसुमार टाकायला लागले आणि साठच्या दशकात पुलांचे स्लॅब सडायला लागले. त्यावर १९७३ मध्ये दोन उत्तरं पुढे आली, देशाच्या दोन टोकांना. पूर्वेला फिलाडेल्फियाजवळ स्कूलकिल नदीवरच्या पुलात पहिल्यांदा इपॉक्सीचा लेप दिलेल्या सळ्या वापरल्या. म्हणजे सळईला रेनकोट. पश्चिमेला कॅलिफोर्नियात रिचर्ड स्ट्रॅटफुल या महामार्ग खात्यातल्या इंजिनिअरने स्लाय पार्कच्या पुलाच्या स्लॅबला वीज जोडली. सळ्यांमध्ये बाहेरून हलकासा विद्युतप्रवाह सोडत राहायचं, म्हणजे लोखंड इलेक्ट्रॉन गमावत नाही आणि गंजतही नाही. याला कॅथोडिक प्रोटेक्शन म्हणतात.

या दुसऱ्या युक्तीचं मूळ फार जुनं आहे, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८२३-२४ मध्ये ब्रिटिश आरमाराने हम्फ्री डेव्ही यांना विचारलं, की जहाजांच्या बुडाला ठोकलेला तांब्याचा पत्रा समुद्रात झिजतो, काय करावं? डेव्हींनी पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे छोटे तुकडे जोडून पाहिले. तुकडे झिजले, तांबं अगदी लखलखीत राहिलं. प्रयोग शंभर टक्के यशस्वी! मग खरी जहाजं समुद्रात गेली आणि परत आली ती बुडाला शेवाळ आणि शंख-शिंपल्यांचे थर घेऊन. कारण झिजणाऱ्या तांब्यातून सुटणारे विषारी कणच त्या जीवांना दूर ठेवत होते. झीज थांबली आणि विषही थांबलं. जहाजं मंदावली, आरमाराने ते तुकडे काढून टाकले, डेव्हींची वर्तमानपत्रांत टिंगल झाली. एक रोग बरा करताना दुसरा उघडा पडतो, हे या कथेत पुन्हा येणार आहे.

त्याच १९७३ मध्ये आपल्याकडे ठाण्याच्या खाडीवरचा पहिला वाशी पूल वाहतुकीला खुला झाला. नवी मुंबईकडे जाणारा माणूस आज ज्या पुलावरून जातो तो नंतरचा. पहिल्या पुलातल्या ताण दिलेल्या केबल्सना खाडीच्या हवेने वीस वर्षांच्या आतच ग्रासलं, दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि शेजारी नवा पूल उभारावा लागला.

आता १९८६. ५ जुलैला पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला. वय जेमतेम १६ वर्षं. आत केबल्स गंजल्या होत्या आणि वरून रंगवलेला पूल चांगला दिसत होता. गोंयकार पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले ते नवा पूल होईपर्यंत. आणि त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांना जोडणाऱ्या लाँग की पुलाच्या खांबांवर गंजाचे डाग दिसले. या पुलाला तर सात वर्षंही झाली नव्हती. शिवाय त्याच्या सळ्या इपॉक्सीच्या होत्या. रेनकोट घातलेल्या.

आजूबाजूच्या पुलांवरही तेच. तपासलं तेव्हा लेपाखाली लोखंड कुरतडलेलं. लेप सोलून काढावा तसा सुटत होता. काय झालं होतं? सरळ सळईला कारखान्यात लेप द्यायचा, मग ती साइटवर कापायची, वाकवायची, ट्रकमधून ढकलायची, उन्हात टाकून ठेवायची. वाकवताना बाकाच्या बाहेरच्या बाजूला लेप ताणला जातो, बारीक चिरा पडतात. कापलेली टोकं उघडी राहतात. आणि वर सांगितलेली बॅटरी आठवा. सगळी सळई झाकलेली आणि एवढीशी चीर उघडी, अशा वेळी जवळपास दुसरं उघडं लोखंड जोडलेलं असेल तर झिजेचा सगळा भार त्या चिरेवर येतो. फाटका रेनकोट कधीकधी रेनकोट नसण्यापेक्षा वाईट. फ्लोरिडाने पुढे समुद्रातल्या कामांसाठी या सळ्या बंदच केल्या.

हे सगळं ताजं असताना, १९८८ मध्ये, डॅनिश लोकांनी समुद्राखालच्या बोगद्यासाठी कोणती सळई निवडली? इपॉक्सीची.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, यांनी फ्लोरिडाचा अहवाल वाचलाच नसावा. वाचला होता, आणि नीट वाचला होता.

जागा समजून घेऊ. डेन्मार्कमध्ये शेलान आणि फ्यून या दोन मोठ्या बेटांमध्ये स्टोरेबेल्ट नावाची सामुद्रधुनी आहे, मध्यभागी स्प्रोगो हे चिमुकलं बेट. शतकभर आगगाड्यासुद्धा बोटीत चढवून पलीकडे नेत असत. १९८७ मध्ये संसदेने पक्क्या जोडणीचा कायदा केला. पूर्वेकडच्या भागात मोटारींसाठी झुलता पूल आणि रेल्वेसाठी बोगदा, असं ठरलं. दोन नळ्या, प्रत्येकी सुमारे आठ किलोमीटर, सगळ्यात खोल जागा समुद्रसपाटीपासून ७५ मीटर खाली. आतला व्यास ७.७ मीटर. अस्तर म्हणजे ४० सेंटीमीटर जाडीचे काँक्रीटचे वक्र तुकडे, सेगमेंट. टीबीएम पुढे खोदत जातं आणि मागे हे तुकडे जोडून एकेक रिंग उभी राहते. असे साठ हजारांच्या वर तुकडे लागले. भोवती खारं पाणी, आणि अट शंभर वर्षं टिकण्याची.

फ्लोरिडात क्रम होता : लेप द्या, मग कापा, मग वाकवा, मग बांधा. डॅनिश कामात तो क्रम उलटा केला. आधी सळ्या कापल्या, वाकवल्या आणि वेल्ड करून सेगमेंटचा अख्खा पिंजरा तयार केला. मग तो पिंजरा खरडून स्वच्छ केला, भट्टीत दोनशे अंशांच्या वर तापवला आणि इपॉक्सीच्या पुडीत सबंध बुडवला. ही पुडी एका मोठ्या टाकीत असते आणि खालून हवा सोडून ती उकळत्या पाण्यासारखी खळखळत ठेवलेली असते. पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यावर पीठ जसं अंगाला सगळीकडून चिकटतं, तशी ती गरम लोखंडाला चिकटते आणि वितळून सलग कातडी होते. कापलेली टोकं, वेल्डचे सांधे, वाकलेले कोपरे, सगळं झाकलं जातं. बुडवल्यानंतर कोणी वाकवणार नाही, कापणार नाही. थेट साच्यात, वर काँक्रीट.

याचा फायदा दुहेरी होता. पिंजऱ्यात उघडं लोखंडच जवळजवळ उरलं नाही, म्हणजे ती आत-बाहेरची बॅटरी बनायला दुसरा ध्रुवच नाही. आणि वेल्ड आधी केल्यामुळे लेपाच्या आत अख्खा पिंजरा विजेच्या दृष्टीने एकसंध राहिला. म्हणजे उद्या कधी स्ट्रॅटफुलची वीज लावायची वेळ आलीच, तर एका ठिकाणी जोडलेली तार सगळ्या सळ्यांपर्यंत पोचेल. साइटवर तारेने बांधलेल्या लेपाच्या सळ्यांत हे शक्य नसतं, प्रत्येक सळई आपापल्या रेनकोटात एकटी.

माझं स्वतःचं मत, फ्लोरिडात इपॉक्सी नापास झालं यापेक्षा कामाचा क्रम नापास झाला असं म्हणणं जास्त बरोबर. अर्थात हा उलटा क्रम कारखान्यात तयार होणाऱ्या एकसारख्या हजारो तुकड्यांनाच परवडतो. पुलाच्या खांबाचा पिंजरा कोण कुठल्या टाकीत बुडवणार? आणि एक शंका रास्त आहे, की गुळगुळीत लेपामुळे सळईवर काँक्रीटची पकड कमी होते. ती होतेच. पण बोगद्याची रिंग मुळात सगळीकडून दाबली जाणारी वस्तू आहे, कमानीच्या दगडांसारखी, त्यामुळे इथे ते चालून गेलं.

लेपाच्या आधीची तटबंदी म्हणजे काँक्रीट. त्यात फ्लाय ॲश आणि सिलिका फ्यूम घातलं, पाणी अगदी कमी ठेवलं, म्हणजे छिद्रं इतकी बारीक की मिठाला वाट मिळू नये. शक्य तितकं घट्ट काँक्रीट. हा शब्द लक्षात असू द्या.

कागदावर योजना सुंदर होती. प्रत्यक्ष काम हाल करत पुढे सरकलं. १४ ऑक्टोबर १९९१ ला स्प्रोगोच्या बाजूच्या एका टीबीएमच्या तोंडातून समुद्र आत घुसला. माणसं वेळेत बाहेर पडली, पण त्या बाजूची दोन्ही यंत्रं आणि तोवर तयार झालेला बोगदा खाऱ्या पाण्यात बुडाला. म्हणजे ज्या अस्तराची एकच बाजू समुद्राला लागायची होती, ते काही काळ दोन्ही बाजूंनी समुद्रात होतं. पुढे पाण्याचा दाब कमी करायला समुद्राच्या तळात विहिरी खोदून भूजल उपसत ठेवावं लागलं. त्या कामाला त्यांनी 'मोझेस' नाव दिलं होतं, समुद्र दुभंगणारा तो मोझेस.

आणि ११ जून १९९४. 'डानिया' नावाच्या टीबीएमला आग लागली. हायड्रॉलिक तेल पेटलं आणि तासन् तास जळत राहिलं. आग विझल्यावर आत गेलेल्यांनी पाहिलं, की अस्तराचं काँक्रीट थराथराने फुटून उडालेलं आहे. काही जागी चाळीसपैकी दोनतृतीयांश जाडी नाहीशी झालेली. वर समुद्र होता आणि मध्ये उरलं होतं वीतभरापेक्षा कमी काँक्रीट.

का उडालं? कारण ते घट्ट होतं. साधं, थोडं छिद्राळ काँक्रीट तापलं की आतल्या ओलाव्याची वाफ छिद्रांतून निसटते. इथे मिठाला बंद केलेली वाट वाफेलाही बंद होती. वाफ कोंडली आणि काँक्रीट आतून फुटत गेलं, शिटी न झालेल्या कुकरसारखं. डेव्हींची जहाजं आठवली ना? १८२४ मध्ये शंख-शिंपले, १९९४ मध्ये आग.

दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९९६ मध्ये, इंग्लंड-फ्रान्समधल्या चॅनल बोगद्यात मालगाडी पेटली आणि तिथेही काँक्रीटची अशीच दशा झाली. त्यानंतर बोगद्यांच्या काँक्रीटमध्ये पॉलिप्रोपिलीनचे केसासारखे बारीक धागे मिसळायची पद्धत रुळली. एरवी ते धागे काही करत नाहीत. आग लागली की वितळतात आणि त्यांच्या जागी वाफेला पळवाटा तयार होतात. मला ही युक्ती भारी आवडते. थंडीत दार बंद, आगीत दार उघडं, आणि उघडायला माणूस लागत नाही.

स्टोरेबेल्टचा रेल्वे बोगदा अखेर १९९७ मध्ये सुरू झाला, ठरलेल्या वेळेपेक्षा कित्येक वर्षं उशिरा. मग डॅनिश लोकांनी पुढच्या बोगद्यात तेच केलं असेल, असं कुणालाही वाटेल. केलं नाही. कोपनहेगन आणि स्वीडनमधलं माल्मो यांना जोडणारा ओरेसुंडचा दुवा १ जुलै २०००ला सुरू झाला. त्यातला बोगदा खोदलेला नाही, बुडवलेला आहे. प्रत्येकी १७६ मीटर लांबीचे २० अजस्र खोके किनाऱ्यावर ओतले, तरंगवत नेले आणि तळावर चरात टेकवले. त्यांत इपॉक्सी नाही, बाहेरून जलरोधक पडदाही नाही.

तिथे सगळं लक्ष एकाच गोष्टीवर दिलं. काँक्रीट ओतल्यावर सिमेंट-पाण्याच्या क्रियेने ते तापतं, मग निवताना आकसतं. आधी तळ ओतला, आठवड्याने भिंती, मग छत, असं केलं तर थंड झालेला तळ गरम भिंतीला आकसू देत नाही आणि तिला आरपार चिरा पडतात. मिठाला चीर मिळाली की फिकचे नियम कोण विचारतो! म्हणून त्यांनी प्रत्येक खोक्याचे २२ मीटरचे आठ भाग केले आणि प्रत्येक भाग तळ-भिंती-छतासकट एका दमात ओतला. त्यासाठी खास कारखाना उभारला. सगळं एकत्र तापलं, एकत्र निवलं, भांडायला कोणी उरलं नाही. म्हणजे लेपावरचा खर्च त्यांनी चीर पडूच नये यावर केला. दहा वर्षांत एकाच देशाने एकाच प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं दिली, आणि बांधण्याची पद्धत बघितली तर दोन्ही समजण्यासारखी आहेत.

आणि विजेचं काय झालं? स्ट्रॅटफुलने वीज लावली होती ती आधीच सडायला लागलेल्या पुलाला. इटलीचे पिएत्रो पेदेफेर्री यांनी नव्वदीच्या दशकात वेगळा विचार मांडला : गंज धरण्याआधीच, नव्या बांधकामालाच वीज लावा. गंजू लागलेल्या सळईला थोपवायला चौरस मीटरला दहा-वीस मिलिअँपिअर लागतात, निरोगी सळईला निरोगी ठेवायला एक-दोन पुरतात. त्यांनी याला प्रोटेक्शनऐवजी प्रिव्हेन्शन म्हटलं. पण त्यासाठी सळ्या आतून एकमेकींना जोडलेल्या हव्यात आणि जोडणीचं टोक हाताला लागेल अशा जागी हवं. हे बांधताना केलं तर किरकोळ खर्चात होतं. नंतर करायचं तर काँक्रीट फोडून सळई न् सळई शोधत बसा.

जाता जाता रॉटरडॅम. तिथला मासटनेल १९४२ सालचा, नदीखालून जाणारा. २०१७ ते २०१९ त्याची मोठी दुरुस्ती करावी लागली, कारण रस्त्याखालचं काँक्रीट मिठाने सडलं होतं. हे मीठ नदीचं नव्हतं. सत्तर हिवाळे मोटारींच्या चाकांना चिकटून बाहेरच्या रस्त्यावरून आत आलेलं. बाहेरच्या पाण्याकडे तोफा रोखून बसलेल्या किल्ल्यात दिंडीदरवाजातून रोज थोडं थोडं मीठ येत होतं.

आता परत आपल्या खाडीवर. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा होतोय, त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. दोन्ही रूळ एकाच नळीत, टीबीएमचा व्यास तेरा मीटरच्या वर. माझ्यासारखे रोज वाशीच्या पुलावरून जाणारे लोक या बोगद्याच्या बातम्यांत टीबीएमचं वजन आणि गाडीचा वेग वाचतात. मी अलीकडे दुसऱ्या गोष्टी शोधायला लागलोय : सेगमेंटच्या काँक्रीटची क्लोराइडची चाचणी दर किती तुकड्यांमागे होते, कव्हर साच्यात मोजतात की ओतून झाल्यावर तुकड्यात, आगीसाठी धागे घातलेत का, आणि पिंजऱ्याला जोडलेली एखादी तार आतल्या बाजूला कुठे बाहेर काढून ठेवली आहे का.

शेवटचा प्रश्न मी माझ्या एका सिव्हिलवाल्या मित्राला विचारला. तो साइटवर असतो, बोगद्याच्या नाही, एका उड्डाणपुलाच्या. तो म्हणाला, "अरे, ती तार कुणी वापरेल तोवर आपण दोघंही रिटायर झालेलो असू." मग थोड्या वेळाने त्याचाच मेसेज आला. स्टोरेबेल्टच्या पिंजऱ्याचा जो फोटो मी पाठवला होता, तो त्याने बारच्या ठेकेदाराला दाखवला होता. ठेकेदाराचा प्रश्न एकच, "एवढी मोठी टाकी बनवली कुणी?"